लिखांचा हिशेब

२०२५ सालचा २२ जून, रविवार. लेकीची शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. दुपारची जेवणं उरकल्यावर सासूबाई तिला पुढ्यात घेऊन तेल लावायला बसल्या आणि दोन मिनिटांतच त्यांचा हात थांबला. "अगं, इकडे ये जरा," एवढंच म्हणाल्या, तेही आवाज खाली करून. आमची लालबागची चाळ, दार उघडं, गॅलरीतून येणंजाणं चालू आणि शेजारच्या खोलीत पाहुणे बसलेले. मी वाकून बघितलं. कानामागे केसांच्या मुळाशी पांढरट ठिपके दाटीने चिकटले होते. कोंडा असेल म्हणून बोटाने झटकला, हलला नाही. दोन नखांत धरून ओढला, तर केसाला घट्ट धरत, रेटत रेटत टोकापर्यंत आला. लीख होती. तेवढ्यात मानेवरच्या केसांतून एक करडी ऊ आडवी पळाली आणि आत शिरली.

त्या क्षणी मला काय वाटलं ते आधी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मला लाज वाटली. मी रोज सकाळी तिच्या दोन घट्ट वेण्या घालते, आठवड्यातून दोनदा डोकं धुते, उशांचे अभ्रे बदलते. आमच्या घरात उवा कशा येतील? आणि त्या लाजेला लागलीच एक आधार सापडला: तिच्या बाकावरची मैत्रीण. ती मागच्या वस्तीत राहते, तिची आई चार घरी पोळ्या करते. त्या मुलीचं डोकं मी कधी बघितलं नव्हतं आणि बघायची मला गरजही वाटली नाही.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी बाईंना गाठलं आणि लेकीची जागा बदलून मागितली. कारणही सांगितलं. लेकीने घरी आल्यावर विचारलं, "पण का गं आई?" मी म्हणाले, "तिच्या डोक्यात उवा आहेत." लेक आठ वर्षांची आहे. ती गप्प बसली आणि चित्रकलेच्या वहीत तोंड घालून राहिली.

रविवारच्या संध्याकाळीच मी खाली जाऊन मेडिकलमधून उवांचं औषध आणलं होतं. एक टक्का परमेथ्रिनचं लोशन. "एकदा लावा, काम होऊन जातं," असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं. लावलं, दहा मिनिटांनी धुतलं आणि वर्तमानपत्रावर केस विंचरले तर मेलेल्या उवांचा खच पडला. मला हायसं वाटलं. सासूबाई मात्र म्हणत होत्या की लिखा अजून आहेत, रोज फणी फिरवायला हवी. ऑफिसच्या धबडग्यात मी ते मनावर घेतलं नाही. मी करी रोडहून घाटकोपरला जाते, घरी यायला सात वाजतात, वर पावसाने गाड्या उशिरा. दोनतीनदा फणी फिरवली आणि सोडून दिलं.

४ जुलैला, शुक्रवारी, लेक झोपेत डोकं खाजवत होती. मोबाईलच्या उजेडात बघितलं तर उवा चालत होत्या. ह्या लहान होत्या, फिकट, जवळजवळ पारदर्शक.

त्या रात्री गॅलरीत सल्ले मिळायला लागले. कुणी म्हणालं रॉकेल चोळ, आमच्या आईने तेच केलं होतं. कुणी म्हणालं सीताफळाच्या बिया वाटून लाव. सल्ला देणाऱ्या सगळ्या जिव्हाळ्याच्या बायका आहेत, म्हणून हे कळकळीने लिहिते: दोन्ही करू नका. रॉकेल पेट घेतं, आणि न पेटताही कोवळी कातडी भाजून काढतं. सीताफळाच्या बियांनी उवा मरतात हे खरं आहे, पण ती पूड किंवा तिचं तेल डोळ्यात गेलं तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम होते. डोळ्याचे डॉक्टर असे पेशंट बघत आलेले आहेत. डोकं धुताना मुलांच्या डोळ्यात पाणी जाणारच की.

शनिवारी अर्धा दिवस रजा टाकून लेकीला परळच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी आधी लेकीशीच गप्पा मारल्या, मग तिच्या मानेमागे हात लावून बघितला. डाव्या कानाखाली एक गाठ आली होती, वाटाण्याएवढी. मी घाबरले. खाजवून खाजवून तिथे नखाने ओरखडा उठला होता, त्यात जंतू शिरून पू धरला होता आणि त्यामुळे गाठ सुजली होती. डॉक्टर म्हणाल्या, ऊ चावते त्यापेक्षा हे खाजवणं जास्त त्रास देतं. जखमेवर लावायला मलम लिहून दिलं, नखं कापायला सांगितली.

मग त्यांनी मला जे समजावलं, ते मी परतीच्या बसमध्ये लेकीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. मादी रोज सहा ते आठ अंडी घालते आणि प्रत्येक अंडं डिंकासारख्या पदार्थाने एकेका केसाला चिकटवते. ते साध्या पाण्याने, शाम्पूने सुटत नाही. आठ-नऊ दिवसांत पिल्लू बाहेर येतं. ते तीनदा कात टाकतं आणि पुढच्या नऊ ते बारा दिवसांत स्वतः अंडी घालण्याएवढं मोठं होतं. पूर्ण वाढलेली ऊ डोक्यात महिनाभर जगते. आता माझी चूक कुठे झाली ते मला कुणी सांगायची गरज उरली नाही. २२ जूनच्या औषधाने चालत्याफिरत्या उवा मेल्या, अंडी वाचली. एक-दोन जुलैपर्यंत ती फुटली. ४ तारखेला मी बघितल्या त्या फिकट उवा म्हणजे तीच पिल्लं. बाहेरून नवीन काहीही आलं नव्हतं. औषध पुन्हा लावायचं असतं ते नवव्या दिवशी, म्हणजे सगळी अंडी फुटलेली असतात पण पिल्लं अजून अंडी घालण्याएवढी झालेली नसतात. ही नेमकी फट पकडायची. शिवाय कितीतरी ठिकाणच्या उवा आता ह्या औषधाला दाद देत नाहीत, म्हणून नुसत्या औषधावर भिस्त न ठेवता फणी चालूच ठेवायची.

"आम्ही लोकलने जातो येतो, तिथून आल्या असतील का?" मी विचारलं. मनात अजून कुणाला तरी धरायचं होतंच. डॉक्टर म्हणाल्या, उवेला पंख नाहीत आणि तिला उडीही मारता येत नाही. सहा पाय आहेत आणि प्रत्येक पायाला आकडा. तो केसाच्या जाडीवर बेतलेला असतो. एका केसावरून शेजारच्या केसावर चालत जाणं एवढीच तिची वाट. म्हणजे डोक्याला डोकं टेकायला हवं, तेही थोडा वेळ. लेडीज डब्यात शेजारीण डुलकी घेत खांद्यावर कलंडली तर एखादी येऊ शकते, पण खरा प्रसार होतो तो मुलांच्यात आणि घरात: एका गादीवर झोपणं, एका पुस्तकात दोन डोकी घालणं, मोबाईलवर चिकटून बसणं. फणी, टॉवेल, टोपी, रिबिनी ह्यांतूनही येते, पण क्वचित, कारण डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते. कुत्र्या-मांजरांकडून येत नाही, आपल्या उवा माणसाशिवाय कुणावर जगत नाहीत. धुतलेले केस असोत की न धुतलेले, लांब असोत की आखूड, उवेला फरक पडत नाही.

माझी दुसरी भीती आजाराची होती. सासरे गिरणीत होते, त्यांनी लहानपणी ऐकलं होतं की उवांनी ताप येतो. ते ऐकणं खोटं नव्हतं, पण ती ऊ वेगळी. माणसावर तीन तऱ्हेच्या उवा जगतात: डोक्यातल्या, अंगावरच्या आणि जांघेतल्या केसांमधल्या. अंगावरची ऊ कपड्यांच्या शिवणीत राहते, अंडीही तिथेच घालते आणि रक्त प्यायला तेवढी अंगावर येते. जिथे माणसांना कपडे बदलायला, धुवायला मिळत नाहीत, म्हणजे युद्धात, छावण्यांत, तुरुंगांत, तिथे ती फोफावते आणि टायफस नावाचा ताप पसरवते. शार्ल निकोल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये हे सिद्ध केलं. दवाखान्याच्या दारापर्यंत रोग पसरवणारे पेशंट, आंघोळ घालून दवाखान्याचे कपडे चढवल्यावर आत कुणालाच रोग देत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दोष कपड्यांबरोबर दारातच राहत होता. पुढे १९२८चं नोबेल त्यांना मिळालं. स्वच्छतेचा संबंध आहे तो त्या उवेशी. डोक्यातली ऊ असा कुठलाही आजार आणत नाही. आपण मात्र दोघींना एकच समजून मुलांना घाणेरडं ठरवतो.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी बघितली. सासऱ्यांची पेपर वाचायची भिंग कामाला आली. माझ्या डोक्यात दोन उवा निघाल्या. मला एकदाही खाज आली नव्हती. सासूबाईंच्या डोक्यात चार लिखा. नवरा आणि सासरे मोकळे. लेक माझ्या आणि सासूबाईंच्या मध्ये झोपते, दीड खोलीत आणखी जागा कुठे? तेव्हा आम्ही तिघींनी एकाच दिवशी औषध लावलं.

पकडलेली एक ऊ मी पांढऱ्या बशीत ठेवून भिंगातून बघितली. तिळाएवढी. रिकामी असती तर बहुधा दिसलीही नसती, पण पोटात मधोमध गडद लालकाळी रेघ होती. ते माझ्या लेकीचं रक्त होतं. पुढचे पाय हवेत काहीतरी शोधत होते. मी एक केस तिच्यापुढे धरला. तिने आकडा टाकला आणि क्षणात केसावर चढली. उलटा केला, झटकला, तरी पडेना. लेकही भिंगातून बघत होती. "तिला दुसरीकडे राहता येत नाही ना?" असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. मग सासूबाईंनी ती अंगठ्याच्या नखावर घेऊन टिचली.

फणी कशी फिरवायची हे नीट सांगते, कारण बहुतेक जण इथेच कंटाळतात. केस धुऊन ओलेच ठेवायचे आणि भरपूर कंडिशनर लावायचा. त्याने ऊ जागच्या जागी थांबते, पळत नाही. आधी जाड कंगव्याने गुंता काढायचा. मग क्लिपांनी केसांचे भाग पाडायचे आणि एकेक बोटभर बट घेऊन स्टीलची बारीक दातांची फणी कातडीला टेकवून मुळापासून टोकापर्यंत एका ओढीत आणायची. प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या रुमालावर पुसायची आणि बघायचं. कानामागे आणि मानेवर सगळ्यात जास्त वेळ द्यायचा, उवांना तीच ऊबदार जागा आवडते. लेकीचे केस पाठीपर्यंत आहेत, पहिल्या दिवशी सव्वा तास लागला. केस कापून टाकू का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. फणी फिरवायला सोपं जाईल इतकंच, म्हणाल्या. लेकीला नको होतं, म्हणून कापले नाहीत.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखांना गोल केले आणि खाली आकडे लिहिले. दर तिसऱ्या दिवशी फणी. ९ जुलैला तीन पिल्लं निघाली, १२ला एक. १५ला, नवव्या दिवशी, औषधाची दुसरी पाळी, त्यात दोन. १८ला शून्य, २१ला शून्य. २४ला रुमालावर नुसता कंडिशनर.

घर धुऊन काढायच्या भानगडीत मी पडले नाही आणि ते बरं झालं. भर जुलैत चाळीत गोधड्या धुऊन वाळवायच्या कुठे? आदल्या दोन दिवसांत वापरलेल्या चादरी, अभ्रे, टॉवेल तेवढे कडकडीत पाण्यात भिजवून धुतले, अभ्र्यांवर इस्त्री फिरवली. फण्या, क्लिपा गरम पाण्यात बुडवल्या. लेकीची कापसाची बाहुली धुता येईना, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे माळ्यावर ठेवली.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

डॉक्टरांकडे त्या शनिवारी मी बाकावरच्या मुलीचाही विषय काढला होता. "तिच्याकडून आल्या, मी आता जागा बदलून घेतली आहे," असं सांगितलं. डॉक्टर थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग लेकीची एक बट उचलून मला दाखवली. कातडीपासून लांब, केसावर एक पांढरी रिकामी लीख होती. "पट्टी आहे का?" लेकीच्या दप्तरातल्या कंपासमधून काढून दिली. कातडीपासून जवळजवळ दोन सेंटिमीटर. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. ऊ सहसा कातडीपासून सहा मिलिमीटरच्या आतच अंडं घालते, तिथली ऊब त्याला हवी असते. सहा मिलिमीटर वजा केले तरी चौदा उरतात. म्हणजे सव्वा महिना ते दीड महिना. उष्ण हवेत कधी कधी ती लांबही अंडी घालते, तेव्हा हा अंदाजच समजा, असंही त्या म्हणाल्या. पण पुढे जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्यांदा उवा झाल्या की खाज लगेच येत नाही. खाज येते ती उवेच्या लाळेची ॲलर्जी होऊन, आणि ती व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. "तुम्ही २२ जूनला बघितलंत तेव्हा मुलगी खाजवत होती?" होय, त्याआधी आठवडाभर खाजवत होती. शाळा १६ जूनला सुरू झाली होती. आणि त्या मैत्रिणी सुट्टीभर भेटल्याच नव्हत्या, ती मुलगी गावाला गेली होती.

मे महिन्यात आमच्याकडे चिपळूणहून नणंदेच्या दोन्ही मुली आल्या होत्या. अडीच आठवडे. रात्री खोलीभर एकच अंथरूण, त्यावर तिघी एका ओळीत, एका चादरीत, डोक्याला डोकं लावून कुजबुजत झोपायच्या. त्या दृश्याचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहेत. मी नणंदेला फोन केला. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे जूनच्या पहिल्याच आठवड्यात सापडल्या. औषध केलं. तुम्हाला सांगायचं होतं, पण कसं सांगू? तुम्ही म्हणाल ह्यांनी आणल्या." तिने कळवलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते. पण मी तिच्यावर रागावू शकले नाही. मीही आमच्या गॅलरीत दार ओढूनच घेत होते ना.

एकादशीनंतरच्या सोमवारी संध्याकाळी मी वस्तीत गेले. मैत्रिणीची आई दारातच भेटली, हातात छत्री, कामावरून नुकती आलेली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: की मी बाईंकडे तिच्या मुलीचं नाव घेतलं, आणि ते चुकीचं होतं. तिला जागा बदलल्याचं माहीत होतं. मुलगी घरी येऊन रडली होती. तिने मुलीचं डोकं दिव्याखाली घेऊन बघितलं होतं, खाज नव्हती, वरवर काही दिसलं नाही, म्हणून ती मुलीलाच विचारत होती की तू काही खोडी केलीस का. हे ऐकताना मला तिच्याकडे बघवेना. "ताई, आता आलाच आहात तर तुम्हीच बघा," ती म्हणाली आणि तिने आपल्या मुलीला हाक मारली.

मी पिशवीत फणी आणि कंडिशनर नेला होता. दाराशी पाट टाकून मुलीला बसवलं. चौथ्या-पाचव्या ओढीला रुमालावर एक ऊ आली, मग आणखी एक. लिखा सगळ्या कातडीलगत, लांबवर एकही रिकामी नाही. म्हणजे नुकत्याच झालेल्या. खाज सुरू व्हायच्याही आधीच्या. शाळेच्या पहिल्या आठवड्यात एका बाकावर, एका पुस्तकात डोकी घालून बसल्या होत्या तेव्हा माझ्या लेकीकडून तिला गेल्या होत्या, दुसरं काय? मी ते तिच्या आईला सांगितलं. ती रुमालाकडे बघत म्हणाली, "पोरांचं असंच असतं हो ताई. औषध कुठलं, ते सांगा."

औषध मी आणून दिलं. दुसऱ्या पाळीची तारीखही लिहून दिली. फणी त्यांच्याकडे साधी होती, म्हणून तिसऱ्या दिवशी त्या दोघी आमच्याकडेच आल्या. सासूबाईंनी गॅलरीत चटई टाकली, दार सताड उघडं ठेवलं आणि दोन्ही मुलींची डोकी उजेडात घेतली. शेजारणींनी विचारलं तेव्हा त्याच म्हणाल्या, "उवा झाल्यात. तुमच्या नातवंडांचीही बघून घ्या." त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर आणखी तीन घरांत उवा सापडल्या. शाळेतही मी बाईंना भेटून खरं काय ते सांगितलं आणि दोघींना पुन्हा एका बाकावर बसवा म्हणून विनवलं. बाईंनी वर्गातल्या सगळ्याच पालकांना, कुणाचं नाव न घेता, मुलांची डोकी बघायला कळवलं.

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला चिपळूणला पाठवायचं होतं. निघायच्या चार दिवस आधी नणंदेचा फोन आला. "वहिनी, दोघींची डोकी फणीने बघितली, काही नाही. तुम्हीही तिचं बघा आणि मग पाठवा." मी फोन कानाला धरूनच फणी शोधायला उठले.